छत्तिसावा मागे उभा आहे

आपले पूर्वज मिसर देशात फारोचे गुलाम होते, ही गोष्ट ज्या घरात दर वर्षी एका ठरावीक संध्याकाळी मोठ्याने वाचली जाते, त्या घरातल्या कर्त्या माणसाने उरलेले वर्षभर त्याच मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, मृतांची राखण का करावी? हा प्रश्न बरीच वर्षे माझ्या मनात राहिला. त्याचे उत्तर मांडण्यासाठी हे टिपण लिहायला घेतले आहे. पण उत्तरापूर्वी माणूस दाखवते.

सकाळी दहाला पाच मिनिटे कमी असत. गडद निळा कोट घातलेले, बुटके, साठीच्या आसपासचे एक गृहस्थ संग्रहालयाच्या इजिप्त दालनात काचेच्या कपाटासमोर उभे राहत. उजव्या हाताची तर्जनी काचेपासून नेमकी दोन बोटे दूर धरत, कारण काचेला हात लावू नये हा नियम ते स्वतःलाही लागू करत. मग ओळीने मोजत. मोजत ते मराठीतून. पस्तीसपर्यंत आले की एक पाऊल डावीकडे सरकत, कपाटाच्या बाजूच्या काचेपाशी वाकत आणि म्हणत, "छत्तीस. सगळे हजर." त्यानंतरच दालनाचे दार उघडे.

ते संग्रहालय लहान होते. क्रॉयडनहून बसने अर्ध्या तासावर, एका चहाच्या व्यापाऱ्याने गावाला दिलेल्या जुन्या घरात. इजिप्तसाठी तिथे एकच खोली होती. तीत एक लाकडी शवपेटी, एक ममी केलेले मांजर, भिंतीवर एका शिलालेखाची रंगवलेली प्रतिकृती आणि ते कपाट. कपाटात निळसर हिरव्या रंगाच्या, वीतभर उंचीच्या बाहुल्या उभ्या होत्या.

या बाहुल्यांना उशब्ती म्हणतात. प्राचीन इजिप्तच्या लोकांची अशी समजूत होती की मेल्यानंतरही शेत नांगरावे लागते, कालव्याची वाळू उपसावी लागते. तिथे मुकादम नावे पुकारतो, आणि श्रीमंत असो वा राजा, पुकारा कुणालाच चुकत नाही. म्हणून माणूस आपल्यासोबत कबरीत हे बदली कामगार नेत असे. धन्याचे नाव पुकारले की धन्याऐवजी बाहुलीने उत्तर द्यायचे, की मी इथे आहे. काही काळात तर वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक कामगार आणि दर दहांमागे चाबूक घेतलेला एक मुकादम, असा पूर्ण संच करत. आमच्या कपाटातले छत्तीस म्हणजे अशाच कुठल्या तरी फुटलेल्या संचातले उरलेले.

आता मी तिथे कशी पोहोचले ते सांगते.

पुण्यात मी सात वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडला आलो. माझी बी.एड.ची पदवी इथे चालते की नाही, यावर बराच पत्रव्यवहार झाला. शेवटी ती चालली, परंतु एका अटीवर. एक वर्ष प्रोबेशन. त्या वर्षात कौन्सिलचे शिक्षण सल्लागार दोनदा वर्गात येऊन बसणार आणि मी शिक्षिका आहे की नाही ते ठरवणार.

पहिल्या भेटीच्या दिवशी विषय इजिप्तचाच होता. मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले की राजांच्या भव्य कबरी चाबकाखाली राबणाऱ्या गुलामांनी बांधल्या. माझ्या लहानपणीच्या पुस्तकात तसेच होते. नऊ वर्षांची अठ्ठावीस मुले ते वहीत उतरवू लागली. केली नावाच्या मुलीने मात्र पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "हाऊ डू यू नो, मिस?"

मी पुस्तक उचलून दाखवले. "पुस्तकात आहे."

ज्या शाळेत मी घडले, तिथे याहून मोठा पुरावा नव्हता. सल्लागार वेल्सकडचे, उंच आणि मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी अहवालात मुलांच्या अक्षराची स्तुती केली आणि खाली लिहिले की प्रश्न विचारला असता शिक्षिकेने पुस्तकाकडे बोट दाखवले. दुसरी भेट सहा आठवड्यांनी होती. हेडबाईंनी मला खोलीत बोलावून शांतपणे सांगितले की ती भेट अशीच गेली तर पुढच्या वर्षी त्या मला वर्ग देऊ शकणार नाहीत. मी घरी येऊन यजमानांना काही सांगितले नाही. वह्या तपासल्या आणि स्वयंपाक केला.

त्या रविवारी मी एकटीच संग्रहालयात गेले. मुलांना तिथे न्यावे, असा एक अस्पष्ट विचार होता. कपाटाखालच्या लेबलवर पस्तीस उशब्ती असल्याचे लिहिले होते. सवयीने मी मोजल्या. आकडे मी आजही मराठीतूनच मोजते, तुमच्यापैकी अनेकांचे तसेच असेल. "चौतीस, पस्तीस," म्हणून मी थांबले, तर पाठीमागून आवाज आला.

"छत्तिसावा मागे उभा आहे, बाई."

मी दचकून वळले. निळ्या कोटातले गृहस्थ हात मागे बांधून उभे होते. त्यांनी मला बाजूच्या काचेपाशी नेले. पाय तुटलेली एक बाहुली मागच्या फळीला टेकवून ठेवली होती, समोरून ती एका जाड मुकादमाच्या आड जाई. लेबल लिहिणाऱ्याने समोरून मोजले होते.

"लेबल मागून वाचायचं," ते म्हणाले. "आधी वस्तू बघायची. मग लेबल खरं बोलतं का ते बघायचं."

मी विचारले, मी मराठी आहे हे ठीक, पण मला बाई का म्हटलेत? ते म्हणाले, बोट धरून, ओठ हलवून मोजणारी बाई शाळेतलीच असणार. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागले.

काका मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, होते. मूळ घराणे कुलाबा जिल्ह्यातले, पूर्वी घाण्याचे तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. लंडनला येण्यापूर्वी त्यांनी मुंबईत एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून वीस वर्षे काढली होती. फाटकापाशी बसून कामगारांचे मस्टर भरायचे, एवढेच काम. इथेही ते शनिवारी कामाला येत नसत. त्याऐवजी सगळे रविवार त्यांनी आपल्याकडे घेतले होते. त्यांच्या प्रार्थनागृहातले मित्र त्यांना चिडवत, "काय, फारोची नोकरी कशी चाललीय?" यावर त्यांचे ठरलेले उत्तर असे. "बरी चाललीय. या खेपेला रजा देतो."

त्या रजेचाही एक किस्सा होता. फारोच्या तावडीतून सुटल्याचा जो सण, त्याला त्यांच्या घरी जुनी माणसे अनशी ढाकाचा, म्हणजे आंबट रसाचे भांडे झाकून ठेवायचा, सण म्हणत. एका वर्षी त्या सणासाठी रजेचा अर्ज भरताना कारणाच्या रकान्यात काकांनी लिहिले, मिसरमधून बाहेर पडायचे आहे. वरिष्ठांनी तो अर्ज मंजूर केला आणि चहाच्या खोलीत चिकटवून ठेवला.

त्यांनी मला भिंतीवरच्या प्रतिकृतीसमोर उभे केले. मूळ वस्तू चुनखडीच्या दगडाची मोठी कपची आहे आणि ती लंडनच्या मोठ्या संग्रहालयात आहे, असे त्यांनी आधी स्पष्ट केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी राजांच्या कबरी कोरणारे कारागीर एका वेगळ्या वस्तीत राहत. त्यांच्यापैकी चाळीसएक जणांची ही हजेरी. दिवस आणि नावे काळ्या शाईत. जो आला नाही, त्याच्या दिवसावर तो का आला नाही ते लाल शाईत.

काकांच्या खिशात एक छोटी वही असे. तीत त्यांनी ग्रंथालयातल्या पुस्तकावरून ती कारणे मराठीत उतरवली होती. ती त्यांनी वाचून दाखवली. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले. एक जण घरी बीअर गाळत होता. एक जण आईचे प्रेत गुंडाळत होता. एकाच्या घरातली बाई बाहेरची होती म्हणून तो कामावर आला नाही. या कारणापाशी थांबून काका म्हणाले, "आपल्याकडे बायका बाजूला बसत, इथे पुरुष घरी राहत. कुणाचं शहाणपण मोठं ते तुम्हीच ठरवा." हे कारण मी पुढे वर्गात कधी वाचले नाही.

माझ्या फळ्यावरचे चाबूक आणि गुलाम मला आठवू लागले. मी म्हटले, म्हणजे गुलाम नव्हतेच तिथे? काकांनी मान हलवली. तसेही म्हणायचे नाही, ते म्हणाले. युद्धात पकडून आणलेली माणसे होती, राबवलेली माणसे होती, आणि त्यांची हजेरी इतक्या मायेने कुणी लिहिली असेल असे वाटत नाही. पण कबरी कोरणारे हे नव्हेत. "सरसकट बोलायचं नाही, बाई. जेवढा दगड सांगतो तेवढंच बोलायचं."

दुसऱ्या भेटीसाठी मी मुलांना संग्रहालयातच नेण्याचे ठरवले. पुढचे चार रविवार आम्ही दोघांनी पाठाची आखणी केली. अटेंडंटने शिकवू नये असा तिथला नियम होता, म्हणून काका शिकवत नसत, फक्त मला विचारत राहत. मी प्रश्नांची यादी केली की ते म्हणत, याचे उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे ना, मग काढून टाका. यादी एकवीस प्रश्नांवरून दोनावर आली. शिक्षकाच्या हातात दोनच प्रश्न म्हणजे शस्त्र टाकून लढाईला जाणे, असे मला वाटे.

तो गुरुवार उजाडला. अठ्ठावीस मुले, दोन मदतनीस पालक, सल्लागार आणि मी. काका आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीशेजारी हात मागे बांधून उभे होते आणि मला ओळखतही नसल्यासारखे दिव्याकडे पाहत होते.

मी मुलांना म्हटले, लेबल न वाचता मोजा. सत्तावीस मुलांनी पस्तीस सांगितले. केलीने छत्तीस सांगितले. मुले हसली. एका मुलाने आता लेबल वाचले आणि विजयी मुद्रेने जाहीर केले की तिथे पस्तीसच छापले आहे. केलीचे कान लाल झाले. सल्लागारांचे पेन कागदावर टेकले.

केली बरोबर आहे, हे मला माहीत होते. ते शब्द माझ्या जिभेवर आले होते. सात वर्षे मी हेच केले होते, बरोबर उत्तर जाहीर करायचे आणि पुढच्या मुद्द्याकडे जायचे. मी काकांकडे पाहिले. ते अजून दिव्याकडेच पाहत होते, मात्र त्यांचे मागे बांधलेले हात सुटले होते.

मी केलीला विचारले, "हाऊ डू यू नो?"

तिचाच प्रश्न मी तिला परत दिला होता. ती वर्गमित्रांना बाजूला सारत कपाटाच्या डाव्या अंगाला गेली, वाकली आणि म्हणाली, "इकडून बघा." एकेक मूल जाऊन वाकून आले. शेवटी उंच सल्लागार गेले. त्यांनी आधी समोरून मोजले, पस्तीस. मग बाजूला जाऊन गुडघ्यात वाकले. गुडघ्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ओठ हलवत त्यांनी पुन्हा मोजले आणि मुलांसारखेच म्हणाले, "छत्तीस."

पुढचा तास मी जवळपास बोललेच नाही. प्रत्येक मुलाला त्या हजेरीतले एक नाव आणि एक कारण दिले होते. मी नाव पुकारले की मूल कारण सांगे आणि बाकीच्यांनी त्यावरून त्या माणसाचे घर ओळखायचे. विंचू म्हणजे वाळवंट जवळ. बीअर घरी गाळत, म्हणजे धान्य घरी असणार. आईच्या प्रेताचे कारण आले. मग एका मुलाने विचारले, आपल्या शाळेच्या हजेरीत काय लिहितात? मी सोबत आणलेले रजिस्टर उघडून दाखवले. गैरहजर मुलापुढे एक वर्तुळ, फार तर वर्तुळाच्या पोटात एक अक्षर. तो मुलगा म्हणाला, "त्यांची चांगली आहे."

निघताना सल्लागारांनी काकांना विचारले की हे लेबल अजून दुरुस्त का झाले नाही. काका अदबीने म्हणाले, "तीनदा कळवलं, सर. आता तुम्ही कळवू नका."

महिन्याभराने कौन्सिलचे पत्र आले. मी शिक्षिका ठरले. त्यानंतर मी इंग्लंडच्या शाळांत जी बावीस वर्षे शिकवले, त्यांतला प्रत्येक दिवस त्या गुरुवारच्या मागून आला आहे. हे वाक्य भाबडे वाटेल. पण मी तपासून लिहिले आहे.

पत्र दाखवायला गेले तेव्हा काकांनी मला आणि यजमानांना घरी बोलावले. काकूंनी मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलची आणि पाच फळे. नबी एलियाहूच्या नावाने म्हणायची प्रार्थना काकांनी म्हटली. हा मलिदा काम फत्ते झाल्याबद्दल उपकार मानण्यासाठी करतात, असे काकू म्हणाल्या. मी म्हटले, पण नवस कुणी बोलला होता? काका म्हणाले, "नाही बोललो. काम झालं ना? मग फेडायला काय हरकत आहे."

त्या दिवशी मी त्यांना तो मिसरच्या मृतांच्या राखणीचा प्रश्न विचारला. त्यांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली.

"नोकरी लागली तेव्हा म्हटलं, चला, फारोला जवळून बघून घेऊ," ते म्हणाले. "आलो तर फारो नव्हताच. सुतार होते, गवंडी होते, आई गेली म्हणून घरी राहिलेला माणूस होता."

काकूंनी हळूच म्हटले, कारखान्यातलं सांगा की. त्यांनी सांगितले. मुंबईत एक फिटर तीन दिवस आला नव्हता. काकांनी मस्टरमध्ये तीन वेळा गैरहजर लिहिले. चौथ्या दिवशी तो फाटकावर आला तो डोके भादरून. "मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मस्टरकडे पाहिलं. कारणाचा रकानाच नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याला कमी केलं होतं. मी फाटक उघडलं नाही. गुलामांचीही मोजदाद होते, बाई. पण तो का आला नाही, हे कोण लिहून ठेवतं? ज्यांनी लिहिलं त्यांची राखण करायला मला काही वाटत नाही."

मग ते हसले आणि म्हणाले की त्यांच्या सणाला आधी सगळ्यात धाकटे मूल प्रश्न विचारते, प्रश्न आल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. "तुमची ती केली आमच्याकडे चालली असती."

त्यानंतर नऊ वर्षे, दर वर्षी, मी नवा वर्ग तिथे नेला. दर वर्षी पस्तीस आणि छत्तीस यांवरून भांडण झाले. दर वर्षी काकांनी दिव्याकडे पाहिले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका रविवारी मी गेले तर खुर्चीपाशी एक तरुण अटेंडंट उभी होती. मी काकांची चौकशी केली. ती म्हणाली, "ते नाहीत." मी विचारले, का? तिला माहीत नव्हते. तिचा दोष नव्हता. तिच्या हातातल्या ड्युटीच्या तक्त्यावर त्यांच्या नावापुढे एक आडवी रेघ होती, एवढेच.

मी बाहेरच्या फोनवरून त्यांच्या घरी फोन केला. काकूंनी उचलला. काका दहा दिवसांपूर्वी गेले होते. त्यांच्यात माती लगेच देतात, त्यामुळे कुणालाच कळवायला सवड मिळाली नाही, असे त्या म्हणाल्या आणि मलाच दिलगिरीने समजावू लागल्या. नंतर म्हणाल्या, "तुमच्यासाठी वही ठेवलीय."

ती वही माझ्याकडे आहे. कारणांच्या यादीखाली अर्धे पान कोरे होते. तिथे मी त्यांचे नाव काळ्या शाईने लिहिले, तो रविवार लिहिला आणि वर लाल शाईने कारण लिहिले. काय लिहिले ते इथे सांगत नाही. रकाना भरला आहे, एवढे पुरे.

पुढे संग्रहालयाने कपाट नव्याने लावले. पाय तुटलेल्या बाहुलीला तारेचा आधार देऊन पहिल्या रांगेत आणले. लेबल बदलले, आता त्यावर छत्तीस आहे. मी समोरून मोजल्या, छत्तीस भरल्या. तरी सवयीने एक पाऊल डावीकडे सरकले आणि वाकले. मागच्या फळीपाशी कुणी नव्हते. काचेतून पलीकडे कोपऱ्यातली खुर्ची तेवढी दिसत होती.

हे सारे मी आठवणीने लिहिले आहे, म्हणजे मी लिहिलेले हेही एक लेबलच. तेव्हा माझी विनंती आहे की लंडनला गेलात तर ती चुनखडीची हजेरी स्वतः पाहा, कारणे खरेच लाल शाईत आहेत का ते पाहा. आणि जिथे कुठे उशब्तींचे कपाट भेटेल, तिथे लेबल वाचण्याआधी मोजा. बाजूला जाऊन, वाकून मोजा.